फर्मीने अमेरिकेत बोलावलं तरी तो रोममध्येच राहिला, आणि कालपर्यंत लढणाऱ्या देशांसह 12 देशांनी मिळून 'सर्न' उभं केलं

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर जमिनीखाली 27 किलोमीटरचा एक गोल बोगदा आहे. त्यात फिरणारे कण एका सेकंदात हजारो वेळा ही सीमा ओलांडतात, आणि त्यांना कुणी पासपोर्ट विचारत नाही. हिग्ज बोसॉन 2012 मध्ये इथेच सापडला. आपण रोज वापरतो ते वर्ल्ड वाइड वेबही याच संस्थेत जन्मलं. संस्थेचं नाव सर्न.

सर्न कुण्या एका देशाचं नाही. ते उभं करणाऱ्या देशांमध्ये जर्मनीही होता आणि जर्मनीने ज्यांच्यावर कब्जा केला होता ते नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स आणि बेल्जियमही होते. महायुद्ध संपून जेमतेम सात वर्षं झाली होती. जखमा ओल्या होत्या आणि तिजोऱ्या रिकाम्या.

अशा शेजाऱ्यांना एका टेबलावर बसवणाऱ्यांमध्ये एक इटालियन प्राध्यापक होते. नाव एदोआर्दो अमाल्दी. फर्मी, बोर, हायझेनबर्ग ही नावं शाळेच्या पुस्तकात येतात, अमाल्दींचं येत नाही. पण युरोपने एकत्र येऊन विज्ञानात मुसंडी कशी मारली हे समजून घ्यायचं, तर याच माणसाची गोष्ट वाचावी लागते.

पनिस्पेर्ना रस्त्यावरची पोरं

अमाल्दींचा जन्म 5 सप्टेंबर 1908 चा, उत्तर इटलीतल्या कार्पानेतो नावाच्या गावातला. वडील उगो अमाल्दी गणिताचे प्राध्यापक. पोरगा रोमला इंजिनिअरिंग शिकायला लागला. त्याच सुमारास रोम विद्यापीठात एन्रिको फर्मी नावाचा तरुण प्राध्यापक आला होता आणि भौतिकशास्त्रासाठी हुशार विद्यार्थी शोधत होता. अमाल्दींनी इंजिनिअरिंग सोडलं आणि फर्मीच्या गटात दाखल झाले.

या गटाची प्रयोगशाळा व्हिया पनिस्पेर्ना नावाच्या रस्त्यावर होती. म्हणून सगळ्यांना 'पनिस्पेर्ना रस्त्यावरची पोरं' हेच नाव पडलं. फर्मी, रासेत्ती, सेग्रे, पोंतेकोर्वो, मायोराना आणि अमाल्दी. फर्मीला सगळे 'पोप' म्हणायचे, कारण भौतिकशास्त्रात तो कधी चुकत नाही असा त्यांचा विश्वास होता.

1934 च्या ऑक्टोबरमध्ये या पोरांनी एक मोठा शोध लावला. न्यूट्रॉन मेणासारख्या पदार्थातून जाऊ दिले की त्यांचा वेग कमी होतो, आणि हे मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रकात जास्त सहज शिरतात. पुढच्या अणुभट्ट्या याच तत्त्वावर चालल्या. 1938 मध्ये फर्मीला नोबेल मिळालं.

पण त्याच वर्षी मुसोलिनीने ज्यूंविरुद्ध कायदे आणले. फर्मीची बायको ज्यू होती. नोबेल घ्यायला कुटुंबासह स्टॉकहोमला गेलेला फर्मी परतलाच नाही, थेट अमेरिकेला गेला. सेग्रे ज्यू म्हणून नोकरीवरून काढले गेले आणि ते कॅलिफोर्नियात राहिले. पोंतेकोर्वो आधीच पॅरिसला गेले होते. मायोराना 1938 च्या मार्चमध्ये जे बेपत्ता झाले ते कायमचेच. रासेत्ती 1939 मध्ये कॅनडाला गेले.

चार-पाच वर्षांपूर्वी जगात गाजलेल्या त्या गटातले रोममध्ये उरले फक्त अमाल्दी.

जाण्याची संधी होती, तरी थांबले

असं नाही की त्यांना बाहेर पडावंसं वाटलं नाही. 1939 मध्ये ते अमेरिकेत गेले, तिथली यंत्रं पाहिली, तिथेच राहता येईल का याचीही चाचपणी केली. तेवढ्यात युद्ध सुरू झालं. बायको जिनेस्त्रा आणि मुलं इटलीत होती. अमाल्दी परतले.

इटली युद्धात उतरल्यावर त्यांना सैन्यात घेऊन आफ्रिकेत पाठवलं गेलं. काही महिन्यांनी सुटका झाली, मग पुन्हा रोम आणि पुन्हा प्रयोगशाळा. 1941 च्या सुमारास त्यांच्या गटाने एक निर्णय घेतला. अणुविखंडनावरचं काम बंद करायचं. त्यातून बॉम्बचा रस्ता जातो हे त्यांना कळत होतं, आणि फॅसिस्ट सरकारने उद्या हे ज्ञान मागितलं तर काय, ही भीती होती. त्याऐवजी त्यांनी दुसऱ्या विषयांकडे लक्ष वळवलं.

1943 च्या जुलैमध्ये रोमवर बॉम्ब पडले आणि विद्यापीठाच्या परिसरालाही तडाखा बसला. तिथल्या तरुण संशोधकांनी आपली उपकरणं उचलून व्हॅटिकनजवळच्या एका शाळेच्या तळघरात नेली. पोपच्या शेजारी कुणी बॉम्ब टाकणार नाही, असा साधा हिशेब. या तळघरातून पुढे आलेला प्रयोग युद्धानंतर जगभर गाजला.

युद्ध संपल्यावर फर्मीने अमाल्दींना शिकागोला बोलावलं. प्राध्यापकाची जागा, भरपूर पैसा, जगातली सगळ्यात चांगली यंत्रं आणि जुना गुरू. इटलीत मात्र साधी तारही मिळताना मारामार. अमाल्दींनी नकार कळवला. आपणही गेलो तर इथे नवीन पोरांना शिकवायला कुणीच उरणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

पण नुसतं थांबून भागणार नव्हतं. अडचण अशी होती की भौतिकशास्त्रच बदललं होतं. टेबलावर मावणाऱ्या उपकरणांचे दिवस गेले होते. आता कणांना प्रचंड वेग देणारी महाकाय यंत्रं लागत होती, म्हणजे 'अ‍ॅक्सलरेटर'. एका यंत्राचा खर्च इटलीला काय, फ्रान्सलाही एकट्याने झेपणारा नव्हता.

अमेरिकेत अमाल्दींनी ब्रुकहेवन ही प्रयोगशाळा पाहिली होती. तिथे नऊ विद्यापीठांनी एकत्र येऊन मोठी यंत्रं उभारायला घेतली होती, कारण एकट्या विद्यापीठाला ती परवडत नव्हती. अमाल्दींना वाटलं, विद्यापीठं जे करतात ते देशांनी का करू नये?

कल्पना सोपी, भांडणं अवघड

ही कल्पना एकट्या अमाल्दींची नव्हती. फ्रान्सचे लुई द ब्रॉय यांनी 1949 च्या डिसेंबरमध्ये लोझानच्या एका परिषदेत युरोपीय प्रयोगशाळेचा विषय मांडला होता. जून 1950 मध्ये फ्लोरेन्सला युनेस्कोची परिषद भरली. तिथे अमेरिकेचे नोबेल विजेते इसिडोर राबी यांनी तसा ठराव आणला आणि तो मंजूर झाला. युनेस्कोचा विज्ञान विभाग तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर ऑजे सांभाळत होते. ऑजे आणि अमाल्दी या जोडगोळीने ठरावाचं कामात रूपांतर करायला घेतलं.

खरी कसरत इथून सुरू झाली. डेन्मार्कच्या नील्स बोर यांना एवढं मोठं नवं यंत्र घाईचं वाटत होतं. आधी कोपनहेगनमधल्या त्यांच्या संस्थेभोवती काम सुरू करावं, असा त्यांचा आग्रह. ब्रिटनकडे स्वतःची चांगली यंत्रं होती, त्यामुळे त्यांना घाई नव्हती. छोट्या देशांना वाटायचं, पैसे आपण द्यायचे आणि निर्णय मोठ्यांनी घ्यायचे, असं होईल.

फेब्रुवारी 1952 मध्ये जिनिव्हात 11 देशांनी तात्पुरत्या संस्थेच्या करारावर सह्या केल्या. सरचिटणीस झाले अमाल्दी. पुढची दोन-अडीच वर्षं या संस्थेचं ऑफिस रोममध्ये होतं आणि अमाल्दी देशोदेशी फिरून मंत्री, अधिकारी आणि शास्त्रज्ञांची मनं वळवत होते. डिसेंबर 1952 मध्ये ते लंडनला गेले आणि चर्चिलचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांना भेटले. चेरवेल या योजनेवर अजिबात खूश नव्हते. तरीही पुढच्या वर्षी ब्रिटन संस्थापक सदस्य म्हणून आत आला.

बोर यांनाही बाजूला टाकलं गेलं नाही. नव्या संस्थेचा सैद्धांतिक गट सुरुवातीची काही वर्षं कोपनहेगनलाच ठेवला गेला. म्हणजे यंत्र एकाच जागी, पण वडीलधाऱ्यांचा मानही राखला.

जागेसाठी कोपनहेगन, पॅरिसजवळची जागा, नेदरलँड्समधलं आर्नहेम आणि जिनिव्हा यांच्यात स्पर्धा होती. तटस्थ देश आणि युरोपच्या मध्यावर असल्याने जिनिव्हा ठरलं. पण तिथल्या काही लोकांना वाटलं, इथे अणुबॉम्बचं काम चालणार. जून 1953 मध्ये जिनिव्हात चक्क मतदान घ्यावं लागलं. प्रयोगशाळेच्या बाजूने 16,539 मतं पडली, विरोधात 7,332.

नियम ठरवताना दाखवलेलं शहाणपण

1953 च्या उन्हाळ्यात 12 देशांनी कायमच्या करारावर सह्या केल्या. 29 सप्टेंबर 1954 ला तो लागू झाला. या करारात चार गोष्टी अशा होत्या, ज्यामुळे सर्न टिकलं.

पहिली, लष्कराशी संबंध नाही. संस्था युद्धासाठी काहीही करणार नाही, हे लिहून ठेवलं गेलं. त्यामुळे जर्मनीला आत घेताना कुणाला धास्ती वाटली नाही, आणि तटस्थ स्वित्झर्लंडही अडला नाही.

दुसरी, गुपित काही नाही. जे निष्कर्ष निघतील ते सगळ्यांसाठी खुले. कुणी कुणाचं ज्ञान चोरेल हा प्रश्नच संपला.

तिसरी, वर्गणी ऐपतीप्रमाणे, मत सारखं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पैसे, पण परिषदेत प्रत्येक देशाला एकच मत. ग्रीस असो की ब्रिटन.

चौथी, एकच जागा आणि एकच यंत्रणा. इंजिन एका देशाने करायचं, चाकं दुसऱ्याने, असा मामला नाही. वेगवेगळ्या देशांतून आलेली माणसं एकाच प्रमुखाच्या हाताखाली काम करतील.

जोखीमही घेतली गेली. 1952 च्या ऑगस्टमध्ये नव्या संस्थेचे काही इंजिनिअर ब्रुकहेवनला गेले, तेव्हा तिथे नुकतीच एक नवी युक्ती सापडली होती. चुंबकांची रचना आलटून पालटून उलटसुलट केली तर कणांचा झोत बारीक राहतो, चुंबक लहान लागतात आणि त्याच पैशात कितीतरी जास्त ऊर्जा मिळते. अडचण एवढीच होती की असं मोठं यंत्र जगात कुणीच बांधलेलं नव्हतं. सुरक्षित मार्ग म्हणजे आधी ठरलेलं 10 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचं जुन्या पद्धतीचं यंत्र. पण त्यांनी अडीच-तीन पट ताकदीचं नवं यंत्र निवडलं.

24 नोव्हेंबर 1959 ला हे यंत्र 24 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचलं. त्या दिवशी जगातलं सगळ्यात ताकदवान यंत्र अमेरिकेत नव्हतं, रशियातही नव्हतं. यंत्राचे प्रमुख जॉन अ‍ॅडम्स यांना रशियाच्या दुबना प्रयोगशाळेतून व्होडकाची बाटली मिळाली होती. आमचा 10 अब्जांचा विक्रम मोडाल तेव्हाच ती उघडा, अशी अट होती. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडम्स रिकामी बाटली घेऊन सभागृहात आले.

अमाल्दी तोवर प्रमुखपदावर नव्हते. 1954 मध्ये नोबेल विजेते फेलिक्स ब्लॉख यांना महासंचालक करण्यात आलं, आणि अमाल्दी थोड्याच काळात रोमला आपल्या विद्यार्थ्यांकडे परत गेले.

मग आकाशाकडे नजर

4 ऑक्टोबर 1957 ला रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिका मागे लागली. अवकाशातही दोनच खेळाडू राहणार, असं चित्र होतं. 1958 च्या शेवटी अमाल्दींनी अमेरिकेत काम करणारे इटालियन रॉकेटतज्ज्ञ लुइजी क्रोको यांना पत्र लिहून युरोपचा स्वतःचा उपग्रह सोडण्याचा विचार मांडला. त्या कल्पित उपग्रहाला नाव दिलं 'युरोलुना'. 1959 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत ते आणि ऑजे फिरता फिरता याच विषयावर बोलले. सर्नसारखीच अवकाश संस्था काढायची, आणि लष्कराला तिच्यापासून लांब ठेवायचं.

पण इथे त्यांच्या मनासारखं झालं नाही. सरकारांनी एकाऐवजी दोन संस्था केल्या. उपग्रहांच्या विज्ञानासाठी 'एस्रो', तिचे पहिले प्रमुख ऑजे. आणि रॉकेटसाठी वेगळी 'एल्डो'.

एल्डोची सुरुवातच ब्रिटनच्या रद्द झालेल्या 'ब्लू स्ट्रीक' या लष्करी क्षेपणास्त्रापासून झाली. ते झालं रॉकेटचा पहिला टप्पा. दुसरा टप्पा फ्रान्सने बनवायचा, तिसरा जर्मनीने, वरचा चाचणी उपग्रह इटलीने. प्रत्येक देश आपल्या घरात आपला तुकडा बनवणार आणि शेवटी सगळे तुकडे एकमेकांवर रचायचे. सगळ्यांवर हुकूम चालेल असा एक प्रमुख नाही. व्हायचं तेच झालं. ब्रिटिश टप्पा नीट चालायचा, वरचं काहीतरी बिघडायचं. 1971 मधलं शेवटचं उड्डाणही फसलं. या रॉकेटने एकही उपग्रह कक्षेत पोचवला नाही.

माणसं तीच, देश जवळपास तेच, पैसाही कमी नव्हता. सर्नमध्ये देशांनी अधिकार एका जागी दिले होते, एल्डोमध्ये प्रत्येकाने आपला हिस्सा आपल्याच मुठीत ठेवला होता. फरक तिथे पडला.

या अपयशाची किंमतही मोजावी लागली. फ्रान्स आणि जर्मनीने मिळून 'सिंफनी' हा दळणवळण उपग्रह बनवला, पण सोडायला रॉकेट अमेरिकेचं. अमेरिकेने अट घातली की त्याचा व्यापारी वापर करायचा नाही. स्वतःचं रॉकेट नसणं म्हणजे काय, हे युरोपला तिथे कळलं.

30 मे 1975 ला दोन्ही संस्था एकत्र करून 'ईसा' म्हणजे युरोपीय अवकाश संस्था बनवण्याच्या करारावर सह्या झाल्या. अमाल्दींनी पंधरा वर्षांपूर्वी मांडलं होतं ते आता घडलं. नव्या एरियान रॉकेटची जबाबदारी एकट्या फ्रान्सच्या संस्थेकडे दिली गेली, आणि खर्चाचा मोठा वाटाही फ्रान्सने उचलला. 24 डिसेंबर 1979 ला एरियान यशस्वी उडालं. 19 जून 1981 ला याच रॉकेटच्या तिसऱ्या उड्डाणाने आपल्या इस्रोचा 'अ‍ॅपल' हा उपग्रह वर नेला.

सगळं गोड गोड नव्हतं

सर्नची गोष्ट म्हणजे नुसता विजय, असंही नाही. 1959 मध्ये यंत्र सगळ्यात मोठं होतं, पण 1960 च्या दशकातले मोठे शोध अमेरिकेनेच लावले. यंत्र बांधण्यात युरोप पुढे गेला, पण त्यावर काय शोधायचं याची तयारी अमेरिकेची जास्त होती. सर्नला पहिलं खणखणीत यश मिळायला 1973 उजाडलं, आणि सर्नमधल्या शोधासाठी नोबेल मिळायला 1984.

पुढच्या मोठ्या यंत्राच्या वेळी तर संस्थाच मोडते की काय, अशी वेळ आली. 1960 च्या दशकात युरोपच्या शास्त्रज्ञांनी 300 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या यंत्राची योजना आखली. ती आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष अमाल्दीच होते. पण यंत्र आपल्याच देशात हवं, म्हणून प्रत्येकाने जागा पुढे केल्या. 1968 मध्ये ब्रिटनने अंग काढून घेतलं. वर्षं वाया जात होती. शेवटी जॉन अ‍ॅडम्स यांनी तोडगा काढला. नवी जागा नकोच, जिनिव्हाच्याच यंत्राला जोडून बांधा, जुनं यंत्र नव्याला कण पुरवेल. ब्रिटन परत आला. फेब्रुवारी 1971 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा सर्नच्या परिषदेचे अध्यक्षही अमाल्दीच होते. याच यंत्रावर 1983 मध्ये 'डब्ल्यू' आणि 'झेड' हे कण सापडले. ती शोधमोहीम चालवणारे कार्लो रुबिया हे इटालियन. 1984 चं नोबेल त्यांना आणि डच इंजिनिअर सायमन व्हान डेर मेर यांना मिळून मिळालं.

शेवटची वर्षं

अमाल्दी रोममध्ये शिकवत राहिले. साठी ओलांडल्यावर त्यांनी गुरुत्वीय लहरी पकडायच्या प्रयोगांची नवीच आघाडी उघडली. अण्वस्त्रं कमी व्हावीत म्हणून शास्त्रज्ञांच्या पग्वॉश चळवळीत काम केलं. त्यांचा मुलगा उगोही सर्नमध्ये शास्त्रज्ञ झाला आणि पुढे कणांच्या झोताने कॅन्सरवर उपचार करण्याच्या कामात उतरला.

1989 हे वर्ष विलक्षण होतं. मार्चमध्ये सर्नमधल्या टिम बर्नर्स-ली यांनी माहितीच्या जाळ्याचा एक प्रस्ताव साहेबांना दिला, तेच पुढचं वर्ल्ड वाइड वेब. 1993 मध्ये सर्नने ते सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. जे मिळेल ते खुलं ठेवायचं, ही सवय या संस्थेला पहिल्या करारापासूनच होती. नोव्हेंबरमध्ये 27 किलोमीटरच्या बोगद्यातल्या यंत्राचं उद्घाटन झालं. 5 डिसेंबर 1989 ला, वयाच्या 81 व्या वर्षी अमाल्दी गेले.

23 मार्च 2012 ला एरियान रॉकेटने एक मालवाहू यान आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे पाठवलं. त्या यानाचं नाव होतं एदोआर्दो अमाल्दी.

आज सर्नचे सदस्य देश पहिल्या 12 च्या जवळपास दुप्पट झाले आहेत. 2017 पासून भारतही तिथे सहयोगी सदस्य आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली माणसं त्याआधीपासून तिथल्या सीएमएस प्रयोगात आहेत आणि त्याचे काही भाग त्यांनी बनवून दिले आहेत.

शेजारी देशांनी मिळून काम करावं, असं भाषणात सगळेच म्हणतात. सर्न आणि एल्डो शेजारी ठेवून पाहिलं की कळतं, एकत्र येणं हा अर्धाच भाग आहे. काम एकट्याला खरंच न झेपणारं हवं, लष्कर आणि गुपितं बाहेर हवीत, लहान देशाचं मत मोठ्याइतकंच मोजलं जायला हवं, आणि आपल्या हातातला थोडा अधिकार सोडायची प्रत्येकाची तयारी हवी. अमाल्दींनी आयुष्यभर सरकारांना हेच पटवून दिलं. बऱ्याचदा पटलं, कधी पंधरा वर्षं उशिरा पटलं.